डाव्या हाताचं औक्षण

"डावा हात नको हो, वहिनी. शुभकार्य आहे."

साहेब माइकवर म्हणाले आणि मांडव हसला. माझी बायको ओवाळायचं ताट डाव्या हातात धरून त्यांच्यासमोर उभी होती. उजवा हात पदराखाली. मी बाजूलाच, त्यांच्या सत्काराची शाल घेऊन.

मीही हसलो.

लालबागच्या आमच्या चाळीत दरवर्षी सत्यनारायण होतो. यंदा सत्कार बिल्डर साहेबांचा. चाळीचा पुनर्विकास तेच करणार. शिवाय, निवेदक म्हणाला, "अपघातानंतर आमच्या वहिनींना साहेबांनी स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेलं!" टाळ्या.

त्याच गाडीने तिला पाडलं होतं. चाळीच्या फाटकात, गाडी मागे घेताना. हातावरून चाक गेलं. साहेब स्वतः चालवत होते.

परळच्या इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला यायच्या आधी साहेबांनी मला जिन्यात गाठलं. खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही चाळीचे सेक्रेटरी. पोलीसकेस झाली की सगळ्यांचीच घरं लटकतील."

मी आत गेलो. ती वेदनेने अर्धी झाली होती. तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "पायरीवरून घसरले, असं सांग." हवालदार आला. तिने तसंच सांगितलं.

गणपतीत तिच्या मोदकांना प्रभादेवीहूनही गिऱ्हाईक यायचं. उकडीची पारी चिमटीत फिरवत ती पाकळ्या काढायची, तेव्हा बघत राहावंसं वाटे. आता ती बोटं मिटत नाहीत. घरी आल्यावर एकदा उकड घेऊन बसली. पारी फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. तिने परातीवर फडकं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी पेपर वाचल्याचं नाटक करत राहिलो.

मांडवात अजून हसू चालू होतं. तिने ताट खाली ठेवलं नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, उजव्याक काय झाला, तां सांगा त्यांका."

माझं हसू तिथेच मेलं. शाल खुर्चीवर टाकली. माइक घेतला.

"हिचा उजवा हात साहेबांच्या गाडीखाली गेलाय. घसरली हे खोटं. तिला ते मी बोलायला लावलं."

साहेब उठून गेले. मागून कोणीतरी ओरडलं, "ए सेक्रेटरी, सगळ्यांना रस्त्यावर आणतोस काय रे?" माझ्या बाजूने एकही आवाज आला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं दादरच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नुकसानभरपाईचा दावा लावता येईल. पण हा पहिला जबाब ते तुमच्या तोंडावर मारतील. तुम्हाला खोटारडे ठरवतील. निकालाचं मी सांगत नाही."

"ठरवू देत," मी म्हणालो. "मी होतोच."

जिन्यात शेजारी आता तोंड फिरवतात. घरांचं काय होईल, माहीत नाही. तिची बोटं परत येणार नाहीत, हे मात्र माहीत आहे. साक्षीला उभा राहीन तेव्हा मी माझ्या खोट्यापासूनच सुरुवात करीन. मग गाडीचं सांगेन. तडजोडीचा निरोप आला तर आल्या पावली परत जाईल.

वकीलपत्रावर तिने सही केली. वेडीवाकडी, वेळ लावून. डाव्या हाताने.

कोणीही हसलं नाही.