आत्यांचं खालचं बोट

मैत्रिणींनो, नगरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. मन थाऱ्यावर नाही, चुका पोटात घाला.

आपल्या गोधडीच्या गटातल्या मीनाने ओसाकाहून पाठवलेलं जपानी गोधडीचं सामान काल मिळालं. लांब सुई आणि ती ढकलायला तळहातावर चढवायची मऊ चामड्याची पट्टी. माझ्या सासूबाईंचे, म्हणजे आत्यांचे, टाके हल्ली वाकडे पडतात. हात दुखत असेल, म्हणून त्यांच्यासाठीच मागवलं होतं.

आज दुपारी गोधडीसाठी लुगड्याखाली जुनं पांढरं धोतर अंथरून दोघी शिवायला बसलो. जपानी बायका कापडाखाली हात धरत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. पण आपल्याकडे खालच्या बोटाला सुई टोचली, की टाका आरपार गेला समजायचं. सवयीने आत्यांचा डावा हात गेलाच खाली.

"लई सोपं हाय की गं हे!" त्या खुशीत म्हणाल्या.

ओळ संपल्यावर मी कापड उलटलं. धोतरावर टाक्यांच्या जोडीने रक्ताचे ठिपके. बोटाची नुसती चाळण झालेली.

"आत्या, टोचलेलं कळलं नाही तुम्हाला?"

त्यांनी बोट पदरात लपवलं. "लई दिस झालं, त्या बोटाला कायच कळत न्हाई. सांगितलं असतं तर सुई काढून घेतली असती तुमी समद्यांनी."

"मला वाटलं, हात दुखतोय."

"दुखला असता तर बरं हुतं."

उद्या त्यांना डॉक्टरकडे नेतेय. पण आज इकडे यायला निघताना मी घरातल्या सगळ्या सुया गुपचूप पर्समध्ये घालून आणल्यात. आता घरी जायला पाय उचलत नाही. तुम्ही काय केलं असतं?