कोंबडी आपलीच हाय, पावणं!

शिवाजी पेठेत माझं मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लोक वस्तू टाकून जातात आणि न्यायला विसरतात, पण किस्से मात्र रोज नवीन आणून टाकतात. कारण कोपऱ्यातला जुना डबा टीव्ही आणि त्याला जोडलेला कॅसेटवाला व्हिडिओ गेम!

रणगाड्यांचा गेम. दोघांनी मिळून खालच्या गरुडाला शत्रूपासून वाचवायचं. पेठेत त्याला सगळे कोंबडी म्हणतात. कोंबडी मेली की खेळ खलास. आणि जोडीदाराला आपली गोळी लागली तर तो मरत नाही, नुसता जागेवर थिजतो. भांडायला एवढी सोय बास झाली की!

*

बबन आणि त्याचा मेव्हणा फुटबॉलच्या दोन वेगळ्या टीमचे. मॅचच्या संध्याकाळी दोघं शेजारी बसले. समोरून शत्रू येतोय आणि हे एकमेकांनाच झोडपतायत!

मी ओरडलो, "आरं, शत्रू तिकडं हाय!"

बबन म्हणाला, "त्यो येतोय की सावकाश. ह्यो आत्ता घावलाय!"

*

कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. दुकानात खेळायला येणाऱ्या आमच्या डॉक्टरांना ही सवय अशी लागली की दवाखान्यात बीपीचं मशीन बंद पडलं, तर त्यांनी सेल काढून आत जोरात फुंकलं.

समोरची म्हातारी म्हणाली, "मशीन न्हाई चाललं तर मलाबी फुंकणार व्हय?"

*

माझ्या भाच्यानं हाच गेम मोबाइलवर घालून दिला. "मामा, डबा भंगारात टाक आता!"

आमचा हुकमी खेळाडू संदीप थोडा वेळ खेळला आणि मोबाइल परत दिला. "एकट्यानं काय खेळायचं? शेजारी कोणतरी पायजे की."

शेती, म्हशी, स्वभाव सगळं उत्तम, पण त्याचं लग्नच जमत नव्हतं. त्याची आई रस्त्यात मला गाठून म्हणायची, "तुझ्या त्या डब्यापायी माझं पोरगं बिनलग्नाचं ऱ्हायलं!" मला फार वाईट वाटायचं.

*

मग मलकापूरचं स्थळ आलं. रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं.

शनिवारी एक टोपीवाले पावणं मिक्सर घेऊन आले. उघडून बघतो तर मिक्सरला काही धाड भरली नव्हती. तोवर ते संदीपशेजारी बसून गेमचा रिमोट दाबायलाही लागले होते! दिसेल त्या भिंतीवर गोळ्या. कोंबडीभोवतीच्या विटासुद्धा पाडायला लागले.

"ओ पावणं, कोंबडी आपलीच हाय!" संदीप ओरडला.

"मला शिकवू नगंस!"

संदीपनं त्यांच्यावरच गोळी झाडली. रणगाडा थिजला.

"आता गप हुबं ऱ्हावा तितंच!"

ते सुटले की परत गोळी. कोंबडी वाचली. पावणं लालबुंद होऊन उठले, मिक्सर काखेत मारला आणि काही न बोलता गेले.

रविवारी मी संदीप आणि त्याच्या आईबरोबर मलकापूरला गेलो. दारात स्वागताला मुलीचे वडील उभे. तेच पावणं! मुलाची गुपचूप चौकशी करायला आले होते म्हणे. संदीप माझ्या पाठीमागं लपायला लागला. त्याची आई आपली खुशीत पोहे खात होती, तिला काय माहीत!

"मुलीला काय विचारायचं असंल तर विचारू दे," कुणीतरी म्हणालं.

मुलीनं सरळ संदीपकडं बघितलं. "आमच्या आप्पांवर गोळी तुम्हीच झाडली?"

"व्हय," संदीप मान खाली घालून म्हणाला.

"आणि आप्पा गप बसले? घरात तर आमाला कुणाला तोंड उघडू देत न्हाईत!"

"बसले की."

मुलगी आतल्या दाराकडं वळून ओरडली, "आई, भायेर ये! मला पसंत हाय!"