माझ्या अक्षरातलं वचन

माझं अक्षर चांगलं आहे हे मी मंडळीत कुणाला कळूच द्यायला नको होतं. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी बोरीवलीला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी उपासनेला जमायची, आणि तिथला अलिखित नियम असा की जो जे काम एकदा नीट करील ते जन्मभर त्याच्या गळ्यात. पेटीवाल्याची बोटं संधिवातानं वाकडी झाली तरी पेटी सुटली नाही. मी एकदा, कॉलेजात असताना, नाताळच्या कार्यक्रमाचा फलक लिहिला. त्यानंतर दर डिसेंबरात वर्षाच्या वचनांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या.

ही वचनांची पद्धत अशी. नव्या वर्षाच्या सकाळी उपासना झाली की एका मोठ्या थाळीत चिठ्ठ्यांच्या गुंडाळ्या ठेवायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकेक वचन. लहानथोर सगळ्यांनी रांगेनं येऊन एकेक उचलायची, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, आणि घरी नेऊन आपल्या शास्त्राच्या पुठ्ठ्यात ठेवायची. ते देवानं तुम्हाला त्या वर्षासाठी दिलेलं वचन. सव्वाशे-दीडशे चिठ्ठ्या मी लिहायची, विणायच्या सुईवर गुंडाळायची आणि दोऱ्यानं बांधायची. त्यात निवड करणं आणखी डोक्याला ताप. एका वर्षी वांझ स्त्रीला लेकरं होतील अशा अर्थाचं वचन साठीच्या एका मावशींना निघालं. त्या ते हसत हसत वाचून गेल्या, पण त्यांच्या मूल नसलेल्या सुनेनं माझ्याशी चार महिने अबोला धरला. तेव्हापासून मी फक्त गोडगोड वचनं घ्यायला लागले. शांती, आशीर्वाद, आरोग्य. तीच माझी चूक.

माझे वडील, पपा, मिशनच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. नगरकडचे. निवृत्तीनंतर आमच्याकडे बोरीवलीला आले आणि पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःला काम शोधलं. दर रविवारी दुपारी म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात जायचं, पुरुषांच्या वॉर्डात खाटेखाटेला बसायचं, शास्त्र वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची. कुणाला नको असेल तर नुसतं पाणी द्यायचं, उशी सारखी करायची. कुणावर जबरदस्ती नाही हे खरं. पण घरी आल्यावर माझ्यावर होती. “देवानं प्रत्येकाला कशासाठी तरी ठेवलंय. तुला कशासाठी ठेवलंय याचा कधी विचार केलास?” हा प्रश्न मला जेवताना, कपडे वाळत घालताना, ऑफिसला उशीर होत असताना कधीही यायचा. मी अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते. दिवसाला चाळीस पत्रं बडवायची. देवानं मला त्यासाठी ठेवलंय असं म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि दुसरं काही सुचत नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न आला की मी चिडायची.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. आधी अक्षरं पुसट झाली, मग बसचा नंबर दिसेना, आणि एक दिवस शास्त्र नाकाला लावूनही वाचता येईना. झालं! रविवारी वाचायला माझी नेमणूक. आठवड्यातली एक सुट्टी, तीही फिनेलच्या वासात. “देवानं तुला कशासाठी ठेवलंय?” त्यांनी बसस्टॉपवर एकदा विचारलंच. “तुमची बस ओळखायला,” मी म्हटलं. ते खूश झाले. म्हणाले, “बघ, सुरुवात तर झाली!”

डॉक्टर म्हणाले, डावा पिकलाय, आता ठेवू नका, आधी तो काढू, मग उजवा. डिसेंबर चालू होता. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. पपा तयार होते. आईनं त्यांच्यासाठी दोन नवे पायजमेसुद्धा शिवून ठेवले. आणि नव्या वर्षाच्या सकाळी त्यांनी थाळीतली चिठ्ठी उचलली, दोरा सोडला, डोळ्यांपुढे धरली आणि माझ्या हातात दिली. “वाच गं.”

मी वाचली. मी तुला बरं करीन, तुला आरोग्य देईन, अशा अर्थाचं वचन. माझ्याच हातानं, आरोग्याची आणखी दोन हवीत म्हणून घाईत उतरवलेलं. मला बरंही वाटलं वाचताना. म्हटलं, चला, ऑपरेशनच्या तोंडावर छान निघालं. मंडळी “आमेन” म्हणाली. पपांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर जेवायला बसताना ते म्हणाले, “ती तारीख रद्द करून टाक.”

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. “का?”

“देव म्हणतोय मी बरं करीन. आता मी डॉक्टरकडे पळालो तर त्याच्या शब्दाची काय किंमत राहिली?”

मी भांडले. किती भांडले! म्हटलं, “पपा, ती चिठ्ठी मी लिहिलीय. आपल्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. ते माझं अक्षर आहे.”

“पेन तुझं. शब्द कुणाचे?”

“दुसऱ्याच्या हाताला लागली असती तर?”

“पण माझ्याच लागली ना?”

कपाळाला हात लावला मी. आईला म्हटलं, तू तरी सांग. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “चाळीस वर्षं सांगतेय. तू आज सुरुवात केलीस म्हणून तुला घाई.” मी मंडळीच्या पाळकसाहेबांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे गेले. त्यांनी पपांना घरी येऊन समजावलं की देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो. पपांनी त्यांना चहा दिला, नम्रपणे ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, “भला माणूस आहे, पण विश्वास थोडा कमी.”

आणि रविवार चालूच. ज्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांचा विभाग, त्याच्याच तळमजल्यावर हे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून दुसऱ्यांना धीर द्यायला जाणार! मार्च-एप्रिलच्या सुमाराला तिथे एक मालवणी आजोबा होते, पूर्वी गिरणीत होते, पाय मोडून पडलेले. मी शास्त्र उघडल्यावर ते म्हणाले, “ता पुस्तक जरा ऱ्हवांदे गो बाय. माका आधी घराकडचा कागद वाचून दाखव.” उशीखाली पंधरा दिवसांचं न वाचलेलं अंतर्देशीय होतं. पपांनी हात पुढे केला, शाळेत मास्तर करतात तसा. कागद उलटसुलट केला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. मग माझ्याकडे दिला. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. विचारलं, डोळे का करून घेत नाही? पपांनी सांगितलं, देवानं वचन दिलंय. आजोबा म्हणाले, “देवान वचन दिल्यान, ता बरा झाला. मगे डाक्टर कोणी दिल्यान?”

मला त्या आजोबांच्या पाया पडावंसं वाटलं. पपा नुसते हसले. परतताना माझ्यावर वैतागले, की तू पत्र फार भरभर वाचलंस, माणसाला घरचं पत्र सावकाश ऐकायचं असतं.

ऑगस्टमध्ये डावा डोळा लालभडक झाला. दोन दिवस दुखण्यानं ते भिंतीला डोकं लावून बसले होते, उलट्या होत होत्या, तरी हॉस्पिटल म्हटलं की हात हलवायचे. तिसऱ्या दिवशी मी आणि आईनं मिळून त्यांना रिक्षात कोंबलं. मोतीबिंदू फार पिकून आत दाब वाढला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हा सगळ्यांवर ओरडले. ओरडायचा त्यांना हक्कच होता. दुखणं थांबलं, पण डोळा गेला. त्याचं आता काही करता येणार नाही, म्हणाले. उजवा अजून हातात आहे, तो तरी वाचवा.

वाटलं होतं, आता तरी. घरी आल्यावर मी विचारलं, तारीख घेऊ? ते खिडकीशी बसले होते. म्हणाले, “वर्ष अजून संपलेलं नाही.”

मी त्या दिवशी ताट भिरकावलं. खरंच भिरकावलं, आमटी भिंतीवर गेली. आई पोछा घेऊन आली. माझा राग एकट्या पपांवर नव्हता. देवावर होता, त्या थाळीवर होता आणि सगळ्यात जास्त माझ्या सुबक, वळणदार, सगळ्यांनी वाखाणलेल्या अक्षरावर होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते. लिहिलंही मीच, आणि वाचलंही मीच.

नोव्हेंबरात एका रविवारी मला पिशवीतलं शास्त्र शोधायला दोन मिनिटं उशीर झाला, तोवर पपा चाचपडत पुढे गेले आणि एका खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मी पोचले तेव्हा ते मान खाली घालून प्रार्थना करत होते. खाटेवर कुणीच नव्हतं. पेशंटला एक्स-रेला नेलं होतं आणि गादी गुंडाळून ठेवली होती. पपांनी त्या गुंडाळीवर हात ठेवला होता, आणि या माझ्या भावाला बळ दे, याच्या लेकराबाळांना सांभाळ, असं म्हणत होते. बाजूच्या खाटेवरचा तरुण हसू दाबत होता. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो भिंतीकडे वळला. पपांना मी थांबवलं नाही. आमेन झाल्यावर म्हटलं, “त्याला झोप लागलीय, चला.” माझं त्यांच्याशी पहिलं खोटं ते.

डिसेंबर आला. चिठ्ठ्यांचा कागद आला. या वेळी मी गोडगोड वचनांच्या नादी लागले नाही. येशूनं आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला आणि जाऊन धू म्हणून सांगितलं, तो गेला, धुतलं आणि डोळस होऊन आला, ही गोष्ट मी निवडली. यात माणसाला स्वतःच्या पायानं जावं लागतं, हे पपांसारख्या मास्तराला कळायलाच हवं होतं. एकच लिहिली तर पपांना निघण्याची शक्यता काय? म्हणून वीस लिहिल्या. दोरे बांधताना मला लाज वाटली नाही.

आता वीस म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. नव्या वर्षाच्या सकाळी पहिल्याच काकूंनी ‘जाऊन धू’ वाचलं. मग तबलजीला तेच. मग संडे स्कूलच्या दोन भावंडांना लागोपाठ तेच, आणि लोक हसायला लागले. पाळकसाहेबांनी थाळीवरून माझ्याकडे पाहिलं. “यंदा आंधळे फार झालेत गं चिठ्ठ्यांत,” ते हळूच म्हणाले. मी हॉलच्या पंख्याकडे बघत राहिले.

पपा रांगेत शेवटून चौथे होते. त्यांनी थाळीत बोटं फिरवली, एक गुंडाळी उचलली, दोरा सोडला आणि माझ्याकडे दिली. “वाच गं.”

देवापुढे शांत राहा, त्याची वाट पाहा. अशा अर्थाचं वचन होतं ते. वीस आंधळे लिहून ठेवले आणि या माणसाला निघालं काय, तर वाट पाहा! मंडळी थांबली होती. पपांनी चेहरा माझ्याकडे वळवला होता, एक डोळा मेलेला, एक पांढुरका. देवाच्या वचनात एक शब्दही बदलू नये हे मला त्यांनीच, मांडीवर बसवून शिकवलं होतं. मी चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली आणि मोठ्यानं, सावकाश, ‘जाऊन धू’ वाचलं.

कुणीतरी परत हसलं. पपा हसले नाहीत. चिठ्ठी माझ्याकडून घेऊन, नीट गुंडाळून खिशात ठेवली. घरी आल्यावर म्हणाले, “तारीख घे.”

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना आठ दिवस हलू दिलं नाही, आणि त्या आठही दिवसांत त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला देवानं तुला कशासाठी ठेवलंय हे विचारून भंडावून सोडलं. दीड महिन्यानं चष्मा आला, बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा. तो लावून त्यांनी आधी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हातारी झालीस गं.” मग माझ्याकडे वळून आपलं शास्त्र मागितलं.

मी इस्त्री करत होते. पुठ्ठा उघडल्याचा आवाज आला आणि मला एकदम आठवलं. इतक्या आनंदात ती चिठ्ठी तिथून काढून टाकायचं मी विसरले होते. त्यांनी ती उघडली, उजव्या भिंगासमोर धरली, आणि शब्द शब्द लावत वाचली. खरं वचन, माझ्या अक्षरातलं. मी इस्त्री उभी करून ठेवली. वर्षभराचं सगळं भांडण माझ्या जिभेवर तयार होतं.

“तू मला हे वाचून दाखवलं नव्हतंस,” ते म्हणाले.

“नाही. खोटं वाचलं.”

त्यांनी चिठ्ठी होती तशी गुंडाळली. चष्मा काढला, आणि दोन बोटांनी डावा डोळा, तो गेलेला, हळूहळू चोळत राहिले.

“मग आदल्या वर्षी खरं कशाला वाचलंस?” ते म्हणाले.