सापाचं गार जेवण

जपानमधल्या निशी-कसाई भागातल्या आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही. फ्रीजरमध्ये मात्र खोवलेल्या नारळाशेजारी उंदीर असतात, गोठलेले, डब्यात बंद. ते माझ्या मुलीच्या सापाचे. साप नारंगी, दोन हात लांब आणि घरातला सगळ्यात शांत प्राणी. त्याला आणायची परवानगी नवऱ्याने दिली, खाऊही तोच घालायचा. जूनमध्ये त्याची ओसाकाला बदली झाली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

जुलैत सापाची कात अर्धवट अडकली. डॉक्टरांनी त्याला रोज कोमट पाण्यात बसवायला सांगितलं. साप बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. कात एकदाची निघाली, पण जेवण त्याने सोडलं ते सोडलंच. पाच आठवडे झाले, अंगाला सुरकुत्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर घशात नळी घालावी लागेल, आणि ते त्याला झेपेलच असं नाही. दहा वर्षांच्या माझ्या पोरीने घरी येऊन स्वतःचंही ताट बाजूला सारलं. मला रागही आला आणि रडूही.

शुक्रवारी नागपंचमी होती. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी सकाळीच बजावलं, आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्या पुरणाची दिंडं उकडत होत्या. सापाला दूध देऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मुलगी जपानीत "दामे!", म्हणजे 'अजिबात नाही', म्हणत त्याच्या काचेच्या पेटीसमोर हात पसरून उभी राहिली. सासूबाईंनी दूध चहात ओतलं.

मी नाक मुरडत चिमट्याने उंदीर उचलला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "रोज असाच देतेस? गार?"

"बर्फ वितळलाय की, आई."

डॉक्टरांच्या कागदावर 'गरम करून' असं स्वच्छ लिहिलं होतं. पण माझ्या एकाही भांड्यात उंदीर जाणार नव्हता.

"गार अन्न पाहुण्याला तरी वाढशील का? आणि आज तर त्याचा सण!"

"पण आज तुम्हीच म्हणालात..."

"चिरू नको, तळू नको म्हटलं. गरम पाण्यात ठेवायला कोण नको म्हणतंय?"

शेवटी कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, नूडल्सचा रिकामा कागदी कप सापडला. उंदीर पिशवीत, पिशवी गरम पाण्यात. सासूबाईंनी पिशवीवरून बोटाने चाचपून निकाल दिला, "मध्ये अजून गार आहे." पाणी दोनदा बदललं.

सापाने मान वर केली, जीभ काढली आणि एका झेपेत उंदीर धरला. सासूबाईंनी दारातूनच हात जोडले. "सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या.

मुलगी नाचली आणि मग चक्क मराठीत म्हणाली, "आजी, मला पण भूक लागली."

मी मान खाली घालून ताटं घेतली. माझ्या भांड्यांच्या सोवळ्यापायी तो मुका जीव पाच आठवडे उपाशी होता. सासूबाईंनी ते ओळखलं होतं, पण मुलीसमोर चकार शब्द काढला नाही. माझ्या ताटात दिंड वाढताना एवढंच म्हणाल्या, "गरम आहे गं."