निजायची चटई

समुद्रकाठच्या भाड्याच्या झोपड्यांत एकट्यादुकट्या प्रवासी पोरी उतरायला यायच्या, तेव्हा फुआतिनोला आधी त्यांची दयाच यायची. पाठीवर स्वतःएवढं ओझं, पाय धुळीने भरलेले, आणि बरोबर ना आई ना भाऊ. "कुणाशी भांडून आलीस गं?" असं ती सरळ विचारून टाकायची. पोरी हसायच्या. सगळ्यात स्वस्त झोपडी मागायच्या, जेवण नको म्हणायच्या आणि केळ्यांवर दिवस काढायच्या. मग हिला राहवायचं नाही. उकडलेला तारोचा कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं ताटात घालून ती पाठवून द्यायची आणि त्याचे पैसे मागायचे विसरायची. तिचा नवरा पेसामिनो म्हणायचा, "तू झोपड्या चालवतेस की पोरींचं माहेर चालवतेस?"

पेसामिनो गेला तो रविवारी, चर्चमधून आल्यावर, पोटभर जेवून. आपल्या चटईवर आडवा झाला, तो उठलाच नाही. फुआतिनो मागच्या बाजूला भांडी घासत होती. तिथून तिने दोनतीनदा हाका मारल्या. "उठा की आता, कोको गार होतोय. माणसाने झोपावं तरी किती!" तरी उठेना, म्हणून कपाळाला आठ्या घालून ती कप घेऊन आली, तो चटईच्या कोपऱ्यावर आदळला, थोडा कोको सांडला, आणि वर आणखी बोलली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

सगळे म्हणाले, किती चांगलं मरण. ती पण म्हणाली, हो, चांगलं मरण. घरासमोर सिमेंटची कबर बांधली, वर पांढरा रंग दिला. ती रडली नाही. रडू आलंच नाही, तर काय करणार? आंघोळ करायची, झोपड्या झाडायच्या, काळा पायघोळ झगा घालायचा, वाळत घालायचा. सगळं होत होतं. फक्त झोप गेली होती.

आणि झोप येणार तरी कशी? विधवेला एकटं टाकायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. नणंद आतेली तिच्या चार पोरींना घेऊन राहायलाच आली. घराला भिंती नाहीत, नुसते खांब. खांबांच्या मधोमध फुआतिनो आणि तिच्याभोवती ह्या पाचजणी, कोंबडीभोवती पिल्लं पसरावीत तशा. हिने कूस बदलली की आतेली दचकून विचारायची, "वहिनी, पाणी देऊ?" हिने डोळे उघडे ठेवले की विचारायची, "वहिनी, त्याची आठवण येते का?" मिटले की एखादी भाची कुजबुजायची, "आई, मामी रडतेय का गं?"

अशात ल्युबा नावाची एक पोरगी आली. कुठल्याशा थंड देशाची, नाक सोलवटलेलं. सकाळी फुआतिनो झाडत झाडत तिच्या झोपडीपाशी गेली. माडाच्या झापांचा पडदा अर्धा वर होता. ऊन अंगावर आलं होतं, कोंबडे ओरडून दमले होते, आणि ही पोरगी तोंड उघडं टाकून झोपलेली. आजूबाजूला कुणी नाही. ती झोप बघून फुआतिनोला भूक लागल्यासारखं झालं. झाडू हातात धरून ती तशीच बघत राहिली.

पोरगी उठल्यावर तिने विचारलं, "तुला कुणी मधेच उठवत नाही?"

"कोण उठवणार? इथे मला कुणी ओळखतच नाही."

ल्युबा गेली, जाताना फाटक्या बंदाची एक जुनी पिशवी टाकून गेली. फुआतिनोने बंद शिवला. बेटाच्या पश्चिम टोकाला अशाच झोपड्या आहेत, हे ती ऐकून होती. तिथली माणसं तिला ओळखत नव्हती. एक झोपडी घ्यायची, पैसे द्यायचे, एकटीने झोपायचं, परत यायचं. एवढंच तिला हवं होतं.

आतेलीला सांगितलं असतं तर आभाळ कोसळलं असतं. "एकटी? लोक काय म्हणतील, आम्ही हाकलून दिलं?" म्हणून आतेली बायकांच्या मंडळात चटया विणायला गेली, तेव्हा ही निघाली. पिशवीत एक झगा आणि एक टॉवेल. निघता निघता वाशाला टांगलेली पेसामिनोची चटई खाली काढली. केवड्याच्या पानांची, जाडीभरडी, तिनेच विणलेली. ती कुणी अंथरत नव्हतं, कुणी जाळतही नव्हतं. झोप आलीच तर हिच्यावरच येईल, असं तिला वाटलं. का वाटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बस भरून आली होती. आमच्याकडे बस भरली म्हणून कुणाला खाली ठेवत नाहीत, एकमेकांच्या मांडीवर बसवून नेतात. फुआतिनोला बाक मिळाला आणि पुढच्या गावात तिच्या मांडीवर पेओने नावाची एक अगडबंब बाई येऊन बसली. गाणी ढणाढणा वाजत होती. पेओने मान वळवून म्हणाली, "टोचत असेन तर सांग हो. हाडं मोठी आहेत माझी."

"हाडं कुठली गं, तारो आहे सगळा!" मागून कुणीतरी ओरडलं. बस हसली.

"कुणाकडे निघालीस?" पेओनेने विचारलं.

"कुणाकडे नाही. अशीच."

हसू थांबलं. अशीच म्हणजे? बाईमाणूस, काळे कपडे, काखेत चटई, आणि अशीच? आमच्याकडे मयताला जाताना चटईच नेतात. पेओनेने तिच्याकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. "कळलं गं बाई," ती म्हणाली. "दुःखात बोलवत नाही माणसाला." मग ड्रायव्हरला हाक मारली, "ए लोमी! साइपूला थांबव रे! चर्चच्या म्हाताऱ्या डीकनच्या मयताला आलीय ही!"

"नाही, मला शेवटपर्यंत—"

"शेवटपर्यंत थांब की. कोण नको म्हणतंय?"

खरं सांगायचं तर काय सांगायचं? की मला झोपायला जायचंय? साइपू आलं. रस्त्यालगतच घर, मांडव, माणसं. लोमीने गाणं बंद केलं. लोकांनी हाताहाती आधी चटई खिडकीतून बाहेर दिली. चटई गेली, मग तिच्यामागे जाण्यावाचून हिला गत्यंतर नव्हतं. "जपून मावशी!" लोमी म्हणाला आणि भाडं न घेताच बस पुढे गेली.

ती पडवीपाशी पोचेपर्यंत चटई गावच्या वक्त्याच्या हातात होती. खांद्यावर चवरी, हातात काठी, आवाज असा की माडावरचे नारळ पडावेत. मयताला आलेली प्रत्येक चटई उलगडून सगळ्यांना दाखवायची आणि आणणाऱ्याच्या घराण्याचं कौतुक करायचं, हे त्याचं काम. आत नेसूच्या कापडाइतक्या मऊ, लाल पिसांच्या काठाच्या चटयांचा ढीग लागला होता.

"कुठून आलात, बाई?"

"माताफा," फुआतिनो म्हणाली.

"माताफाच्या थोर लोकांकडून आलेली ही चटई!" असं गर्जून त्याने ती झटकली.

उलगडली. जाडीभरडी, कडा उसवलेल्या, मधोमध माणसाच्या अंगाचा खळगा, कोपऱ्यावर कोकोचा डाग. मयताला असली चटई आणणं म्हणजे घराच्या तोंडावर थुंकणं. वक्त्याचा हात हवेत राहिला. एवढा बोलका माणूस, पण त्यालाही शब्द सापडेना. एक तरणा गडी तिच्याकडे बघत उठून उभा राहिला.

आता सांगायला हवं होतं. ही माझी आहे, चुकून आली, द्या इकडे. फुआतिनो ते वाक्य आतल्या आत शोधत राहिली. वाक्य होतं, पण ते उचलून तोंडापर्यंत आणायला अंगात काही नव्हतं.

प्रेताच्या उशाशी बसलेली म्हातारी सुलिआ, डीकनची बायको, तिने हात पुढे केला. "काय रे ते? आण इकडे." तिने डोळे बारीक करून चटई पाहिली, खळग्यात पंजा ठेवला आणि तसाच राहू दिला. मग फुआतिनोच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं.

"निजायची आहे ना?"

"हो," फुआतिनो म्हणाली.

"कालपासून एवढ्या देखण्या चटया आल्या," सुलिआ वक्त्याला म्हणाली, "उद्या तुम्ही सगळ्या आपसांत वाटून न्याल. पण म्हातारा झोपणार कशावर, हे एकाला तरी सुचलं का? हिला सुचलं. खाली घाला त्याच्या."

वक्त्याचा जीव भांड्यात पडला. लगेच त्याचा आवाज परत आला आणि माताफाच्या लोकांच्या शहाणपणावर त्याने इतकं भाषण केलं, की ऐकून माताफावाल्यांनाच नवल वाटलं असतं. कुणी कुणाचं कोण, तेही जुळवलं. डीकनच्या आजीची बहीण म्हणे माताफात दिलेली होती. फुआतिनोने मान हलवली. असेलही.

कबर अंगणातच खणलेली होती. चटई खाली सोडली, वर म्हातारा. पेसामिनो आडव्या अंगाचा, हा काटकुळा. खळगा त्याला सैलच पडला. फुआतिनो काठावर उभी राहून ते बघत होती. काही वाटेल म्हणून ती वाट पाहत होती. माती पडू लागली. एवढंच वाटलं, की आता वाशावर जागा रिकामी झाली.

मग तिला जेवायला बसवलं. ती भरपूर जेवली. निघताना आलेल्या पाहुण्याचा मान म्हणून मासळीच्या डब्यांचं एक खोकं हातात दिलं. सुलिआ खांबाला टेकून बसली होती. तिच्याभोवती सुना, लेकी, नाती गर्दी करून होत्या. एकजण वारा घालत होती, एकजण विचारत होती, "आई, पाणी देऊ?"

सुलिआने फुआतिनोकडे पाहिलं. "तुझ्याकडेही आहेत का गं अशा?"

"पाच आहेत," फुआतिनो म्हणाली.

सुलिआच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. एवढंच.

पश्चिमेला जाणारी बस येण्याआधी पूर्वेला, घराकडे जाणारी आली. चाकावर पुन्हा लोमीच होता. खोकं मांडीवर घेऊन फुआतिनो त्याच बसने परत आली.

आतेली रस्त्यातच उभी होती, केस सुटलेले, रडून डोळे सुजलेले. "कुठे गेली होतीस वहिनी? अख्खं गाव शोधलं! समुद्रात माणसं घातली!" मग तिला खोकं दिसलं. "हे काय? मयताचं? कोण गेलं?"

"साइपूचा म्हातारा डीकन."

"आपला कोण तो?"

"आजीच्या बहिणीकडून काहीतरी आहे."

आतेली मामेभाऊ, चुलतभाऊ आठवू लागली. तेवढ्यात तिची नजर रिकाम्या काखेवर गेली. "आणि वाशावरची दादाची चटई?"

"दिली."

"दिली? कुणाला?"

"त्याला निजायला हवी होती," फुआतिनो म्हणाली. खोकं खाली ठेवलं, घरात आली आणि मधोमध उघड्या जमिनीवर आडवी झाली. पोरी भोवती जमल्या. आतेली वाकली.

"वहिनी, पाणी देऊ?"

फुआतिनोचे डोळे मिटलेले.

"वहिनी?"

आतेली पांढरीफटक पडली. पेसामिनोही असाच दिवसाउजेडी आडवा झाला होता. तिने वहिनीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास गरम होता. जरा वेळाने वहिनी घोरूही लागली.

तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. रस्त्यावरची सगळी माणसं घरांत शिरली. गावचे काठीवाले पहारेकरी फिरू लागले. प्रार्थनेच्या वेळी कुणी लोळताना दिसलं, तर घराला दंड बसतो, मग ती विधवा असो की सरपंच. धाकट्या भाचीने मामीला उठवायला हात पुढे केला.

आतेलीने तिच्या हातावर चापट मारली. मग पाचहीजणी रस्त्याच्या बाजूला ओळीने मांडी घालून बसल्या, अगदी खेटून, मागचं काही दिसू नये अशा. घोरणं ऐकू जाऊ नये म्हणून आतेलीने स्तोत्र नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्याने धरलं. पहारेकरी घरासमोरून गेले. एकाने कान दिला, आणि चालत राहिला.