काढून ठेवलेली सीट

गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाडी दारात उभी राहायच्या आत हा आतून ओरडायचा, "बेअरिंग गेलंय, बंद कर आधी." त्याचा नियम एकच. इंजिनाचा आवाज बदलला की थांबायचं. दुसऱ्याला शिकवायला फार सोपा नियम आहे म्हणा.

स्वतःची गाडी त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधली. सांगाडा भंगारातला, वडिलांच्या तरुणपणातल्या मॉडेलचा. इंजिन दुसऱ्याच गाडीचं, दरवाजे तिसरीचे. नऊ वर्षं खपत होता बाबा. बायको शेजारी स्टुलावर बसून पाने हातात द्यायची. "ही गाडी नाही, माझी सवत आहे," ती म्हणायची, "आणि सवतीला न्हाऊमाखू मीच घालते." बसून बसून तिचाही कान तयार झाला.

मग तिच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, कुठे जायचं असेल तर आत्ताच जाऊन या म्हणाले. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्यानेही नाही. तिला तेवढाच पाहायचा होता. आता माणसाने सरळ गाडी काढावी की नाही? पण वाटेत एक बंद पडलेली धावपट्टी होती आणि तिथे जुन्या गाड्यांच्या शर्यती लागायच्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की नाकासमोर सुटायचं, पंधरा-वीस सेकंदांत खेळ खलास.

"एकच फेरी," तो म्हणाला. "तिथून समुद्र दोन तासांवर आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

जाताना दोन दिवस मजेत गेले. खिडकी खाली करून, पाय हत्यारांच्या पेटीवर ठेवून ती प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचायची. तिला धाप लागली की तो गाडी बाजूला घ्यायचा. "लग्नानंतरसुद्धा एवढं फिरवलं नव्हतंत," ती म्हणाली.

धावपट्टीवर पोहोचल्यावर त्याने वजन कमी करायला तिची सीट काढली. चार बोल्ट, एवढंच काम. भिंतीच्या सावलीत सीट ठेवून तिला त्यावर बसवलं. बाईंनी घरून सोफा आणलाय, अशी चेष्टाही झाली, तीही हसली. पहिल्या फेरीत तो हरला, जेमतेम बॉनेटभर अंतराने. परत आला तेव्हा डोळे पेटलेले.

ती उठून गाडीपाशी आली. "अहो, आवाज बदललाय. आता नको."

आवाज त्यानेही ऐकला होता. इंजिनाच्या पोटातून बारीक ठकठक येत होती. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याने किल्ली काढून खिशात टाकली असती.

"तापलंय जरा," तो म्हणाला. "एकदाच, अगं."

"मला सांगताय हे?" ती म्हणाली आणि सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या फेरीत निम्म्यातच इंजिन फुटलं. आतला दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला, धावपट्टीभर तेल सांडलं. धूर बघून ती धावली, आणि धावणं तिला कुठलं झेपायला? ओठ निळे पडले. मग समुद्र कसला! मिळेल त्या ट्रकमागे गाडी बांधून दवाखाना आणि मग घर.

ट्रकच्या केबिनमध्ये त्याच्या खांद्याला टेकून ती म्हणाली, "पुढच्या वेळी जाऊ." थोड्या वेळाने विचारलं, "सीट घेतलीत ना?"

"घेतली," तो म्हणाला. सीट भिंतीपाशीच राहिली होती.

पुढची वेळ आलीच नाही. दोन महिन्यांत ती गेली.

त्याने इंजिन पुन्हा बांधलं. भंगारात सीटा ढिगाने पडल्या होत्या, पण त्या चार भोकांवर त्याने दुसरी सीट बसवली नाही. शेवटी एक दिवस एकटाच निघाला. धावपट्टीच्या फाटकाशी म्हातारा रखवालदार त्याच सीटवर बसला होता. त्याने कानसेनला ओळखलं.

"बाई बऱ्या आहेत ना आता?"

"हो," तो म्हणाला.

रखवालदाराने सीट झटकली, उचलायला हात दिला. कानसेनने चारही बोल्ट घट्ट आवळले. फाटकाबाहेर रस्ता दोन्हीकडे जात होता, उजवीकडे समुद्र, डावीकडे घर. तो बराच वेळ गाडी चालू ठेवून बसला. मग शेजारच्या सीटकडे बघत म्हणाला, "तुझ्याआधी मी कसा बघू?" आणि गाडी डावीकडे वळवली.

घरापर्यंत तो कान लावून होता. इंजिनाने एकदाही वावगा आवाज केला नाही.