काळं पडलेलं टोनर

आईनं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून धावड्याहून तिचा फोन आला तेव्हा मी चमकलेच. "फोटोत माझं तोंड लई काळवंडलेलं दिसतंय. तू ते घरी करती ना, मला बी धाड एक बाटली."

मी जालन्यात हौसेनं चेहऱ्याला लावायचं टोनर करते. त्याच दिवशी हिरवा चहा, गुलाबपाणी आणि बोअरचं उकळलेलं पाणी घेऊन घाईघाईत केलं आणि भावाबरोबर धाडलं.

पंधरा दिवसांनी गावी गेले, तर बाटलीत शाईसारखं काळपट पाणी. अर्धं संपलेलं.

"आई, हे लावलंस तू?"

"मंग? रोज लावून राह्यले. तू केल्तं ना."

तिला दारात उजेडात नेलं, गाल निरखून पाहिले. पुरळ नव्हतं, तरी जीव थाऱ्यावर येईना. बाटली ओतून दिली.

जालन्यात माझ्या शेजारी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, "पाण्यात लोह असणार, चहाशी मिळून काळं होतं. डिस्टिल्ड वॉटर घे. टिकण्यासाठीचं प्रिझर्वेटिव्ह घालच, आणि धातूचे अंश बांधून ठेवायला ईडीटीए नाहीतर सोडियम फायटेट."

आता यातलं कोणतं? ईडीटीए खात्रीचं, पण मातीत लवकर नष्ट होत नाही म्हणे. आईच्या मोरीचं पाणी थेट मेथीच्या वाफ्यात जातं. "एवढ्याशानं काही होत नाही," बाई म्हणाल्या. मला पटत होतं आणि पटतही नव्हतं. फायटेट तांदळाच्या कोंड्यातलं, पण ते पुरेल का? शेवटी दोन्हींच्या बाटल्या केल्या. पोळ्या लाटता लाटता उठून बघायचे, शाळेत शिकवून आल्यावर चप्पल काढायच्या आधी बघायचे. महिनाभर दोन्ही स्वच्छ राहिल्या. मग फायटेटचं नवं करून घेऊन गेले.

आईनं बाटली हलवून पाहिली. "ह्यानं उजळंल का?"

खोटं बोलवेना. "न्हाई गं. त्वचा मऊ राहील, बस. उन्हात जाताना रुमाल बांध."

"असू दे," ती म्हणाली, "सकाळी दोन मिनिटं आरशापुढं उभी राहते. बरं वाटतं."

तरी दर रविवारी मी तिच्याकडून बाटलीचा फोटो मागवते.